मंडईतला 'मौत का त्रिकोण' शो: पन्नास रुपये वसूल, पण गोष्ट अर्धीच सांगतली

यंदा भंडारा जिल्ह्यातल्या मंडयांमध्ये एक नवीन गाडी फिरून राहिली आहे. मोठा ट्रक, मागचा डब्बा पूर्ण बंद, बाहेरून निळं पेंटिंग, त्यात एक जहाज भोवऱ्यात उभं घुसतंय, वर विमान, बाजूला कायले कोणास ठाऊक पण एक ऑक्टोपस, आणि वर लाल अक्षरात 'मौत का त्रिकोण, सेवन डी'. म्हणजे तोच अटलांटिक महासागरातला बर्मुडा ट्रँगल, जिथे जहाजं-विमानं गायब होतात म्हणतात. मी माहेरी तुमसर तालुक्यात मंडईला आली होती तेव्हा पाहिला. ज्यांच्याकडे मंडई नसते त्यांच्यासाठी सांगते, दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, पोरी माहेरी येतात, पाव्हणे येतात, दिवसा दुकानं आणि दंडार (आमच्याकडचं लोकनाट्य), रात्री नाटक. ही गाडी गावोगाव फिरते त्यामुळे तुमच्याकडे आली तर जायचं की नाही, म्हणून हा रिव्ह्यू. लांब आहे, ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ शेवटी जा.

तिकीट पन्नास रुपये, मांडीवरचं पोरगं फ्री. आतमध्ये खुर्च्या, त्या हलतात, आणि बऱ्याच जोरात हलतात, कंबर दुखणाऱ्यांनी मागच्या लाईनीत बसा. समोर पंखा, वादळ आलं की तो सुरू होतो, मग पायाजवळून पाण्याचा फवारा, आणि एक रबरी नळी पिंडरीला फटकन लागते म्हणजे काहीतरी जनावर पाय ओढून राहिलं असं वाटावं. वाटतंही. माझ्या शेजारच्या काकू चप्पल सोडून उभ्या झाल्या. चष्मे मात्र बेकार, माझ्या चष्म्याले आधीच्या माणसाच्या आलुभज्याचं तेल लागलेलं, पदराने पुसला तर अजून पसरलं, सगळा अटलांटिक महासागर धुक्यात. आवाज दणदणीत. एसी नाही पण नोव्हेंबरमध्ये कशाले पाहिजे.

खरी मजा म्हणजे शोवाले भाऊ स्वतः माईकवर बोलतात. रेकॉर्डिंग नाही, लाईव्ह, अर्धं हिंदी अर्धं मराठी, आवाजात असा दम की झाडीपट्टीच्या नाटकात घेतलं तर व्हिलन म्हणून तीन सिझन चालतील. "मायामी! बर्मुडा! पोर्तो रिको! इन तीन जगह के बीच जो गया, वो वापस नहीं आया!" असं म्हणून मोठा पॉज घेतात आणि तेव्हाच फवारा येतो. टायमिंगले दहापैकी दहा.

आता गोष्टीबद्दल. शोमध्ये तीन किस्से आहेत आणि मी घरी येऊन तिन्हीबद्दल मोबाईलवर रात्री उशिरापर्यंत वाचत बसली, नाटक सोडून. शोवाल्या भाऊने बहुतेक किश्श्यांतून दोन गोष्टी काढून टाकल्या आहेत, हवामान आणि पत्ता. तेवढं काढलं की कोणताही अपघात गूढ होते, आपल्या गोसीखुर्दच्या पाण्यातला नावेचा अपघातही होईल.

पहिला किस्सा पाच विमानांचा. हा खरा आहे, ५ डिसेंबर १९४५, अमेरिकेच्या नौदलाची पाच अ‍ॅव्हेंजर विमानं फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून ट्रेनिंगले उडाली, चौदा माणसं, आणि परत आली नाहीत. शोध घ्यायले मरिनर नावाचं मोठं विमान गेलं, त्यात तेरा जण, तेही गेलं. एका संध्याकाळी सत्तावीस माणसं. शोमध्ये काय दाखवतात, आकाश निळंशार, मधातच सगळी यंत्रं बंद, पायलट ओरडतो की पाणी पांढरं झालं, समुद्र वेगळाच दिसून राहिला, आणि मग हिरवा उजेड आणि गायब. हे पांढऱ्या पाण्याचं वाक्य नौदलाच्या चौकशीच्या कागदात नाहीच, ते पुढे मासिकवाल्यांनी घातलं. खरं काय, तर या तुकडीचा लीडर चार्ल्स टेलर, त्याले वाटलं आपली होकायंत्रं बिघडली आणि आपण फ्लोरिडाच्या दक्षिणेकडच्या बेटांवर आहोत, कारण तो आधी त्याच भागात उडायचा. खरं तर ते होते बहुतेक बहामाच्या बेटांवर. म्हणजे जमीन पश्चिमेला, आणि हे भलतीकडेच फिरत राहिले. शिकाऊ पायलटांपैकी कोणीतरी रेडिओवर म्हणताना ऐकू आलं की पश्चिमेकडे गेलो तर घरी पोचू. पण लीडर तो लीडर. हवा बिघडत गेली, अंधार पडला, पेट्रोल संपलं. आणि ते शोधायला गेलेलं मरिनर, त्यात पेट्रोलची वाफ भरून राहायची म्हणून वैमानिकांमध्ये त्याचं आधीपासूनच नाव खराब होतं, उडाल्यावर अर्ध्या तासाच्या आत एका टँकर जहाजाने आकाशात आगीचा लोळ पाहिला.

मले विचाराल तर हे हिरव्या उजेडापेक्षा जास्त भयंकर आहे. पोट्टा बरोबर सांगून राहिला आणि मोठा माणूस ऐकत नाही, याच्यात भूत कशाले पाहिजे.

अजून एक गोष्ट वाचली ती कोणी सांगत नाही. चौकशीने आधी टेलरवर ठपका ठेवला होता. त्याच्या आईने ते मान्य केलं नाही, मागे लागली, शेवटी नौदलाने कागदावर 'कारण अज्ञात' असं करून टाकलं. आता पोराच्या नावावर चौदा जणांचं मरण नको म्हणून एक आई भांडली, त्यातून जो 'अज्ञात' आला तोच 'अज्ञात' पुढे सगळे पुराव्यावानी दाखवून राहिले की पाहा सरकारलेही समजलं नाही.

दुसरा किस्सा मेरी सेलेस्ट. इथे भाऊने कमाल केली. रिकामं जहाज, शिडं उभी, टेबलावर गरम चहा, वाफा निघून राहिल्या (इथे डब्ब्यात खरंच वाफ सोडतात, आयडिया मस्त), आणि माणूस एक नाही, बर्मुडाच्या मधोमध. पहिलं म्हणजे ते जहाज बर्मुडात सापडलंच नाही, ते डिसेंबर १८७२ मध्ये अझोर्स बेटं आणि पोर्तुगालच्या मधात सापडलं, महासागराच्या पार दुसऱ्या टोकाले. चहा-बिहा काही नव्हता. जहाजावरची छोटी होडी गायब होती म्हणजे लोक त्या होडीत उतरले हे उघड आहे. पोटात सतराशे एक पिंपं अल्कोहोल. असा एक अंदाज आहे की वाफ जमली, कप्तानाले वाटलं जहाज आता फुटते, सगळ्यांना होडीत घेतलं, आणि मग जहाज वाऱ्याने पुढे निघून गेलं, होडी मागे राहिली. दहा जण होते, कप्तानाची बायको आणि दोन वर्षाची मुलगीसुद्धा. माझी पोरगी तेव्हा मांडीवर होती म्हणून असेल, पण शोमध्ये ती मुलगी दाखवलीच नाही याचा राग आला. भूत दाखवता, लेकरू नाही दाखवत. शेरलॉक होम्सवाल्या कॉनन डॉईलने १८८४ मध्ये या जहाजावर बेतून एक काल्पनिक कथा लिहिली होती आणि तेव्हापासून खरं-खोटं मिसळत गेलं, जहाजाचं नावसुद्धा लोक त्याच्या कथेतलंच, मारी सेलेस्ट म्हणून सांगतात.

तिसरा किस्सा सायक्लोप्स. आणि इथे आमचे मोठेबाबा कामाला आले.

मोठेबाबा म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत उभी हयात गेली. त्यांना शोमध्ये यायचंच नव्हतं, "पाण्याचं काय पाहाचं, तलाव हायेच ना घरामागं" म्हणत होते, भावाच्या पोराने ओढत आणलं. तर सायक्लोप्स म्हणजे अमेरिकन नौदलाचं जहाज, फेब्रुवारी १९१८ मध्ये ब्राझीलहून निघालं, मधात बार्बाडोसला थांबलं, बाल्टिमोरला पोचलंच नाही, ३०६ माणसं, मदतीचा एक संदेश नाही. शोमध्ये त्याले ऑक्टोपस खाते (आता पेंटिंगमधला ऑक्टोपस समजला). भाऊ म्हणाले, "इतना बडा जहाज, कोयले का जहाज, कहाँ गया?" आणि मागून मोठेबाबा जोरात बोलले, "भरलं काय होतं जी त्याच्यात?" भाऊने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

भरलं होतं मँगनीज. दहा हजार टनाच्या वर. मी घरी येऊन हे वाचून दाखवलं तर मोठेबाबा उठून बसले. म्हणाले, "बाई, कोळशाच्या गाडीत म्यागनीज भराचं म्हनजे डोळे आंधळे करून भराचं. डाला अर्धा रिकामा दिसते, मानूस म्हनते अजून टाका, आन् खाली पाट्टे बसून गेलेले असतेत." जहाज कोळशासाठी बांधलेलं, एक इंजिन आधीच बिघडलेलं, त्यात कोळशाहून कितीतरी जड असं हे वजन, आणि समुद्र. त्याच घडणीची दोन भावंडं जहाजं, प्रोटिअस आणि नेरिअस, १९४१ मध्ये थोड्या दिवसांच्या अंतराने अटलांटिकमध्येच धातूचा माल घेऊन जाताना गायब झाली, म्हणून जहाजाच्या बांधणीवरही संशय घेतात. पक्कं कोणालेच माहीत नाही, सांगाडा आजवर सापडला नाही. पण खाणीतल्या माणसाने जो प्रश्न विचारला तो ऑक्टोपसवाल्या कोणी विचारला नाही.

शो संपल्यावर बाहेर एक टेबल आहे, तिथे छोटे होकायंत्र विकतात, चाळीस रुपये, किचेनवाले. विकायच्या आधी डेमो: टेबलावर निळं कापड, त्यावर बर्मुडाचा नकाशा छापलेला, होकायंत्र मायामीवर ठेवलं तर शांत, सरकवत सरकवत त्रिकोणात आणलं की सुई वेड्यावानी फिरते. पब्लिक एकदम "अऽऽ". भावाचा पोरगा सातवीत आहे, त्याने खाली वाकून कापड वर केलं, तर खाली जुन्या स्पीकरचा चुंबक. भाऊ हसले, रागावले नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहते. म्हणाले, "बाबू, धंदा आहे, तुले एक फ्री घेऊन जा." चुंबक पकडला म्हणून फ्री होकायंत्र, पोट्ट्याचा दिवस झाला. ते होकायंत्र घरी बरोबर चालून राहिलं आहे, उत्तर दाखवते.

होकायंत्राच्या गोष्टीत थोडं खरं आहे तेही सांगते. चुंबकाची उत्तर आणि नकाशाची उत्तर बहुतेक जागी एक नसते, थोडा फरक राहते आणि खलाशी तो हिशोबात धरतात. काही ठिकाणी दोन्ही एकाच रेषेत येतात, आणि ती रेषा एकेकाळी या त्रिकोणातून जायची. नेहमीप्रमाणे फरक धरून चालवलं तर तिथे उलट चूक होणार. ती रेषा सरकत राहते, आता तिथून पश्चिमेला गेली आहे. सुई गरागरा फिरते वगैरे काही नाही.

आणि तो 'बर्मुडा ट्रँगल' शब्दच १९६४ चा आहे, व्हिन्सेंट गॅडिस नावाच्या लेखकाने एका मासिकात वापरला, तिथून चालला. अमेरिकन सरकारच्या नकाशात असं नाव नाही. लॅरी कुशे म्हणून अ‍ॅरिझोनातला एक ग्रंथपाल होता, त्याने बसून जुनी वर्तमानपत्रं, हवामानाच्या नोंदी काढल्या आणि १९७५ मध्ये सगळं छापलं. ज्या दिवशी गूढवाल्यांनी 'समुद्र शांत' लिहिलेलं त्या दिवशी वादळ, जे जहाज 'त्रिकोणात' गेलेलं ते भलत्याच समुद्रात, असं एकामागून एक. आमच्या तालुक्याच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल मॅडमना सांगितलं पाहिजे की तुमच्यातला एक माणूस हिरो आहे. हा भाग मोठा आहे, साधारण तेरा लाख चौरस किलोमीटर, जहाजांची गर्दी जबरदस्त, मधून गल्फ स्ट्रीमचा प्रवाह जोरात वाहते, वादळं येतात, पोर्तो रिकोजवळ आठ किलोमीटरपेक्षा खोल खड्डा. एवढ्यात जेवढे अपघात व्हायचे तेवढेच होतात, जास्त नाही. विम्यावाल्या लॉइड्सलाही तिथे काही वेगळं दिसलं नाही, आणि विम्यावाले किती बारीक पाहतात हे पीकविमा भरणाऱ्यांना मी काय सांगू.

आता इथपर्यंत वाचून आमच्या गावचे गुरुजी खूश होतील. गुरुजी अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या श्याम मानवांची भाषणं ऐकून तयार झालेले, शोच्या बाहेर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत होते, "सगळं खोटं आहे, पैसे वाया घालवू नका." पण गुरुजी, सगळं खोटं कसं जी? विमानं गेली, माणसं गेली, ३०६ जणांच्या घरी काही आलं नाही. खोटं आहे ते वर चढवलेलं. आणि कधीकधी न मानणारेही चुकतात. खलाशी शेकडो वर्षं सांगत होते की शांत लाटांमधून मधातच भिंतीवानी एक राक्षसी लाट उठते आणि जहाज गिळते, शिकलेले लोक म्हणायचे दारू पिऊन बोलून राहिले. १ जानेवारी १९९५ ला नॉर्थ सीमधल्या ड्रॉपनर प्लॅटफॉर्मवर यंत्राने ती लाट मोजली, २५.६ मीटर, म्हणजे ८४ फूट. खलाशी बरोबर निघाले. पण बरोबर निघाले ते मोजल्यावर, हेही आहे.

आपल्या तलावाचंच घ्या. घरामागच्या तलावात कोणी बुडालं की बायका म्हणतात आसराने, म्हणजे पाण्यातल्या देवीने नेलं. तलावावरचे मासे धरणारे ढिवर लोक आसराले नारळ फोडतात, हो, फोडतात, मी लहानपणापासून पाहते. आणि तेच तुम्हाला बोट दाखवून सांगतील की शिंगाड्याच्या वेलाखाली गाळ कुठे आहे, जुनी विहीर बुडाली ती कुठे, कोणत्या कोपऱ्यात पोहायले जाऊ नका. नारळ फोडून झाल्यावर नाव गाळावर नाही घालत. शोवाल्या भाऊची अडचण ही की ते नारळ फोडतात आणि गाळ कुठे ते सांगतच नाहीत. (लोणार २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय आलं होतं आठवा. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासलं, खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव निघाले. नंतरचं हे कोणी फॉरवर्ड केलं नाही.)

मले सर्वात जास्त खटकलं ते म्हणजे एवढा दूरचा त्रिकोण आणला आणि आपल्या समुद्रातलं काहीच नाही. १८८८ मध्ये वैतरणा नावाची आगबोट, विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला वीजळी म्हणायचे, कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सातशेहून जास्त माणसांसकट गेली, सांगाडा सापडला नाही. आणि कैरली. केरळ सरकारच्या शिपिंग कॉर्पोरेशनचं जहाज, ३० जून १९७९ ला गोव्याच्या मुरगावहून लोहखनिज भरून जर्मनीकडे निघालं, मधात जिबूतीला इंधन घ्यायचं होतं. जुलैच्या सुरुवातीला संपर्क तुटला, भर पावसाळा. पन्नासच्या आसपास माणसं. आजवर ना जहाज ना तुकडा. ओलं बारीक लोहखनिज जहाजात हलून हलून रोवणीच्या बांधीतल्या गाऱ्यावानी पातळ होते आणि एका अंगाले घसरलं की जहाज पलटते, हे आता जगभरच्या अपघातांवरून माहीत आहे. कैरलीचं हेच झालं असं मी म्हणत नाही, कोणीच म्हणू शकत नाही. पण सापडलं नाही म्हणजे कोणी पळवलं असंही नाही ना. २०१४ मध्ये मलेशियाचं एमएच ३७० विमान २३९ माणसांना घेऊन गेलं, एवढे सॅटेलाईट असून मुख्य सांगाडा नाही सापडला, जवळपास दीड वर्षाने पंखाचा एक तुकडा हिंदी महासागराच्या पार रियुनियन बेटावर लागला. समुद्र किती मोठा आहे हे आपण तलाववाले लोक विसरून जातो.

असो. पैशाचं बोला. खुर्च्या, वाफ, फवारा, भाऊचा आवाज, याले पाचपैकी चार. गोष्टीले दीड, तोही सायक्लोप्सचं नाव बरोबर घेतलं म्हणून. चष्म्याले शून्य, घरून फडका घेऊन जा. लहान लेकरांना पहिल्या लाईनीत बसवू नका, पाणी थंड असते आणि रात्रीचे नाटकाले जागायचं असते. होकायंत्र घ्यायला हरकत नाही, चाळीसात ठीक आहे, भाव केला तर तीसमध्ये देतात. शोच्या बाजूलाच गुळाची जिलेबी होती, ती मात्र पाचपैकी पाच, तिचा वेगळा रिव्ह्यू टाकते.

शोवाले भाऊ, कोणी वाचून दाखवलं तर ऐका, पुढच्या वर्षी ऑक्टोपस काढा आणि कैरली घ्या. मुरगावपासून सुरू करा, पावसाळा दाखवा, खनिज दाखवा, खुर्च्या हळूहळू एका बाजूले झुकवा, तुमच्या मशीनले ते जमते. आमच्याकडे अर्ध्या गावाने खाणीचं खनिज भरलेलं आहे, खुर्ची किती झुकली की खरं वाटते ते मोठेबाबाच येऊन सांगतील, तिकिटाचे पैसे मात्र त्यांच्याकडून घेऊ नका.